आंघोळीच्या पाण्याचा हिशेब : बंब, गिझर की सौर बंब?



आपल्या कारखान्याचं धुराडं पेटतं ते नेमकं थंडीच्या तोंडावर. त्याच दिवसांत घरोघर कढत पाण्याची गरज वाढते. गटसभांमधून आम्हांला विचारले जाणारे प्रश्न बहुधा लागण, खत, पाणी आणि तोड यांचे असतात. अलीकडे मात्र एक निराळा प्रश्न वरचेवर कानी येतो. "घर नवं बांधलंय. पाणी तापवायला काय घ्यावं? लाइटचा गिझर, गॅसचा गिझर, का सोलर?" दुकानदार आपापला माल चांगला म्हणतो. पाहुणा आपल्या घरी आहे तेच चांगलं म्हणतो. हा निर्णय कुणाच्या सांगण्यावर न होता हिशेबावर व्हावा, एवढ्याचसाठी हा पाठ देत आहोत. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावा.

१. आधी गरज मोजा

ऊस किती येणार याचा अंदाज घेतल्याशिवाय आपण तोडीची टोळी ठरवत नाही. तसंच पाणी किती तापवायचं हे ठरल्याशिवाय साधन ठरवू नये.

उष्णता मोजायचं माप सोपं आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. थंडीत टाकीतलं पाणी साधारण २० अंशांवर असतं. आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं. म्हणजे लिटरमागं २० किलोकॅलरी.

आता पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकी २० लिटरची एक बादली आणि वरकामाला एक, अशा सहा बादल्या, म्हणजे १२० लिटर पाणी झालं. १२० गुणिले २० म्हणजे २,४०० किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरीचं एक युनिट होतं. तेव्हा या घराची रोजची गरज सुमारे २.८ युनिट झाली. हा आकडा पक्का ध्यानात ठेवा. बंब असो, गॅस असो वा ऊन असो, एवढी उष्णता पाण्यात उतरलीच पाहिजे. साधनासाधनांत फरक पडतो तो एवढाच, की ती उतरवताना वाया किती जाते आणि ती कोणाच्या खिशातून किंवा कोणाच्या कष्टातून येते.

आणखी एक गोष्ट. आपण पाणी कढत काढतो आणि विसण घालून कोमट करतो. ६० अंशांचं ६० लिटर पाणी असलं की त्यात २० अंशांचं तेवढंच विसण घालून १२० लिटर आंघोळीचं पाणी होतं. म्हणून १२० लिटर पाणी लागतं याचा अर्थ १२० लिटरची गरम टाकी लागते असा नव्हे.

२. बंब फुकट आहे काय?

तांब्याचा बंब आपल्याकडच्या कित्येक वाड्यांतून आजही रोज पेटतो. "त्याला कुठं पैसे पडतात? पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरची बाभळ घरचीच," असं म्हटलं जातं. हिशेब करून पाहू.

एक किलो वाळलेल्या लाकडात ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. पण बंबात यातली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते. चौथा हिस्सा पाण्याला लागला असं धरलं, तर किलोमागं ९०० ते १,००० किलोकॅलरी हाती येतात. म्हणजे आपल्या पाच माणसांच्या घराला रोज अडीच किलो लाकूड हवं. वर्षाचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस पाणी तापवलं तर ६०० किलो.

हे सहाशे किलो तोडून, वाळवून, डोक्यावरून आणतं कोण? पहाटे चारला उठून फुंकणी हातात घेतं कोण? धूर डोळ्यांत कोणाच्या जातो? उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसे देणारा वेगळा आणि कष्ट करणारा वेगळा असला म्हणजे वस्तू फुकट वाटू लागते. ज्या घरात लाकूड आणि पाणी बायामाणसं वाहतात, त्या घरात साधनाचा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ओल्या लाकडाचं तर विचारूच नका. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. त्यामुळं किलोमागं मिळणारी उष्णता वाळलेल्या लाकडापेक्षा कितीतरी कमी भरते, कारण बरीचशी उष्णता ते पाणीच उडवण्यात जाते. घरच्या बंबात ओली फांदी घातली की हेच होतं. वर धूर वाढतो तो वेगळाच.

काही सभासद बंबात पाचट जाळतात. पाचट भुर्रकन पेटतं, धग टिकत नाही आणि सारखं घालत बसावं लागतं. एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. त्याची खरी जागा सरीत आहे. तिथं ते ओल धरतं, तण दाबतं आणि कुजून सेंद्रिय खत होतं. न्हाणीघरात जाळून त्याची राख करण्यात फायदा नाही.

बंब ठेवायचाच असेल तर तो धुराड्यासह उघड्या पडवीत ठेवावा, वाळलेलंच जळण वापरावं आणि आतली नळी काजळी व खपली काढून साफ ठेवावी. एवढ्यानंही जळण वाचतं.

३. विजेचा गिझर

विजेच्या गिझरमध्ये दिलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यात जाते. तापवलेलं पाणी टाकीत पडून राहिलं तर तिच्या अंगातून थोडी उष्णता निसटते. ते धरून आपल्या घराला रोज तीनेक युनिट लागतील.

दोन किलोवॅटचा, २० लिटरचा गिझर २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २८ मिनिटं घेतो. हे २३० व्होल्ट दाबावर. वस्तीवर दाब १८० पर्यंत उतरला की तोच गिझर साठ टक्केच ताकदीनं चालतो आणि पाऊण तास लावतो. वीज जास्त जळत नाही, वेळ जास्त जातो. मग घरात भांडण होतं, "गिझर खराब आहे" म्हणून. गिझर खराब नसतो, दाब कमी असतो.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे. साठवणीच्या गिझरवरचे तारे मुख्यत्वे टाकीतून उष्णता किती निसटते हे सांगतात. जास्त ताऱ्यांचा गिझर पाणी जास्त वेळ गरम ठेवतो. दुसरी, आकार. पाच माणसांनी एकामागून एक बादलीनं आंघोळ करायची असेल तर १५ ते २५ लिटरचा पुरे. मोठा घेऊन अर्धं पाणी रोज थंड होऊ देणं हे नुकसान. तिसरी, अर्थिंग. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच नसेल तर गिझर लावूच नये.

तापमानाची कळ ५५ ते ६० अंशांच्या पुढं नेऊ नये. त्यापुढं वीजही जाते आणि पाण्यातला क्षारही झपाट्यानं बसतो. गिझर चोवीस तास चालू ठेवायची जरूर नाही. आंघोळीआधी अर्धा तास लावावा.

बादलीत सोडायच्या विजेच्या सळईबद्दल सांगणं भाग आहे. ती स्वस्त आहे आणि वीजही गिझरइतकीच घेते, पण जीव घेणारीही आहे. लोखंडी वा अॅल्युमिनियमच्या बादलीत ती सोडू नये. पाणी तापलं की नाही हे पाहायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन काढावी. घरात लहान मूल असेल तर सळई आणूच नये.

४. गॅस आणि गोबरगॅस

एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. शेगडीवर पातेलं ठेवून तापवलं तर साधारण साठ टक्के पाण्याला लागतात, तात्काळ तापवणाऱ्या गॅस गिझरमध्ये ऐंशी टक्के. आपल्या हिशेबातल्या घराला आठ महिन्यांत शेगडीवर १४.२ किलोची सहा सिलिंडरं लागतील, गिझरवर साडेचार ते पाच. नुसत्या आंघोळीला एवढी सिलिंडरं गेली तर स्वयंपाकाला किती उरतील, हे ज्यानं त्यानं पाहावं.

गॅस गिझरला विजेची वाट पाहावी लागत नाही ही त्याची जमेची बाजू. पण हे साधन बंद न्हाणीत कधीही बसवू नये. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो आणि उठत नाही. दार-खिडकी बंद करून आंघोळ करताना अशानं माणसं दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, सिलिंडरही बाहेर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप. याला अपवाद नाही.

गोबरगॅस असलेल्या सभासदांनी हे ध्यानात घ्यावं. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये सुमारे ४,७०० किलोकॅलरी असतात. आंघोळीच्या पाण्याला रोज जवळजवळ एक घनमीटर लागेल. दोन घनमीटरच्या प्लँटचा निम्मा गॅस त्यातच गेला. शिवाय थंडीत शेण आंबण्याची क्रिया मंदावते आणि गॅस कमी पडतो, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. गोबरगॅस स्वयंपाकाला राखावा, पाण्याला दुसरी सोय करावी.

५. सौर बंब म्हणजे काय?

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, पश्चिमेचा अकोले तालुक्यातला डोंगरपट्टा सोडला तर पर्जन्यछायेतला. पावसाच्या बाबतीत ही आपली अडचण, उन्हाच्या बाबतीत तीच आपली ठेव. थंडीत आभाळ बहुतेक निरभ्र असतं.

आपल्या भागात एक चौरस मीटर जागेवर दिवसाला साधारण पाच युनिट उष्णता उन्हातून येते. शंभर लिटरच्या सपाट पेटीच्या सौर बंबाला दोन चौरस मीटरची पेटी असते. तिच्यावर दहा युनिट पडतात आणि निम्मी पाण्यात उतरली तरी पाच युनिट झाली. तेवढ्यात शंभर लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जातं. आपल्या घराला ६० लिटरच हवं होतं. म्हणजे पाच माणसांना शंभर लिटरचा बंब पुरून उरतो. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबाला दोनशे लिटरचा घ्यावा.

हे चालतं कसं? तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार पाणी खाली येतं. चुलीवरच्या हंड्यात हेच घडतं. सौर बंबात टाकी वर आणि तापणारा भाग खाली ठेवलेला असतो. त्यामुळं पंपाशिवाय पाणी आपोआप फिरत राहतं आणि संध्याकाळपर्यंत टाकी तापते. टाकीभोवती जाड आवरण असल्यानं सकाळीही पाणी कढत मिळतं.

उन्हाच्या उष्णतेचं मोठं काम पाहायचं तर लांब जायला नको. शिर्डीला श्री साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ सौर तबकड्या उभारण्यात आल्या. उन्हानं पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजवायचं, अशी ती योजना. लातूरला महानंदच्या दूधशाळेत २००६ साली १६० चौरस मीटरची एक मोठी तबकडी बसवून दूध तापवण्याच्या कामी ऊन लावलं गेलं. ज्या उन्हावर वाफ होते, त्याच्यावर आपल्या घरचं ६० अंशांचं पाणी होणं अवघड नाही.

६. सगळ्यांत मोठा प्रश्न : आपलं पाणी कसं आहे?

सौर बंब दोन प्रकारचे मिळतात. एकात काचेखाली काळी सपाट पेटी असते आणि तिच्यात तांब्याच्या बारीक नळ्या असतात. दुसऱ्यात काचेच्या दुहेरी नळ्यांची रांग असते आणि दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते. दुकानात गेल्यावर कोणता घ्यावा हे विचारण्याआधी आपल्या पाण्याकडं पाहा.

प्रवरा आणि गोदावरी कालव्यांच्या जुन्या बागायती पट्ट्यात कित्येक विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरा थर येतो, पातेल्याच्या बुडाला खपली धरते. असं पाणी तापलं की त्यातला क्षार नळीला आतून चिकटतो.

हे आपल्याला नवं नाही. कारखान्यात रस आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत आतून खपली धरते. मग वाफ तेवढीच देऊनही रस पुरेसा आटत नाही. म्हणून हंगामात मधून मधून थांबून नळ्या साफ कराव्या लागतात. घरच्या गिझरच्या कॉइलवर आणि सौर बंबाच्या नळ्यांत तेच होतं, फक्त तिथं कोणी सफाई करत नाही.

तांब्याच्या बारीक नळ्या जड पाण्यानं काही वर्षांत बुजतात आणि बुजल्यावर सहजी साफ होत नाहीत. काचेच्या नळ्या रुंद असतात. खपली धरली तरी काढून घासता येतात आणि एक फुटली तर तेवढीच बदलता येते. सबब जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा. नळ योजनेचं गोडं पाणी असेल तर सपाट पेटी चांगली. ती गारपिटीत अधिक टिकते आणि पुष्कळ वर्षं चालते. जड पाण्यावर सपाट पेटीच हवी असेल, तर तापणारं पाणी आणि वापराचं पाणी वेगळं ठेवणारी, अदलाबदल पद्धतीची पेटी मागावी.

पाणी तपासणं कठीण नाही. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. माती तपासायला जाताना घरच्या पाण्याची बाटलीही न्यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० मिलिग्रॅम अशी आहे. आपला आकडा २०० च्या वर गेला की खपलीचा विचार करूनच साधन घ्यावं. घरी बोअर आणि नळ दोन्ही असतील तर गरम पाण्याला नळाचं पाणी जोडावं.

विजेच्या गिझरलाही हाच नियम. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. दोन-एक वर्षांनी ती पाहून बदलावी आणि त्याच वेळी कॉइलची खपली काढून घ्यावी.

७. बसवताना घ्यायची काळजी

बंब कितीही चांगला असला तरी बसवण्यात चूक झाली की तो डोक्याला ताप होतो. पुढील गोष्टी बसवणाऱ्याकडून उभं राहून करून घ्याव्यात.

अ) तोंड दक्षिणेला असावं. आपला जिल्हा सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा. सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत झाडाची किंवा शेजारच्या माडीची सावली पडता कामा नये.

आ) गार पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्याहून वर असावा. हवा निघून जाणारा उभा पाईप त्याहून उंच असावा. तो बंद करू नये.

इ) माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घरावर हे वजन ठेवू नये. पाण्यानं भरलेली शंभर लिटरची टाकी, सांगाडा आणि नळ्या मिळून बराच भार होतो. अशा घरी बाजूला लोखंडी घोडा उभारावा.

ई) साधा पीव्हीसी पाईप गरम पाण्यानं मऊ पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा तत्सम पाईप वापरावा आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवावं. पाऊण इंची, १५ मीटर लांबीच्या पाईपमध्ये साडेचार लिटरच्या वर पाणी मावतं. दर वेळी तेवढं गार पाणी आधी बाहेर पडतं. म्हणून नवं घर बांधताना न्हाणी आणि टाकी जवळजवळ ठेवावी. ते गार पाणी बादलीत धरून विसणाला वापरावं.

उ) काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या पडल्या असतील तर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये. तापलेल्या काचेवर गार पाणी पडताच नळ्या तडकतात. दिवसा लाइट नसली, टाकी रिकामी झाली आणि दुपारी मोटार सुरू केली, की हे हटकून घडतं. अशा वेळी पहाटे किंवा रात्री भरावं. एक नळी फुटली की सगळी गरम टाकी रिकामी होते, हेही ठाऊक असावं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण विसरलेलो नाही. बदली नळ्या तालुक्याच्या गावी मिळतात ना, हे घेतानाच विचारावं.

ऊ) उन्हाळ्यात पाणी नको तितकं तापतं. निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाकावं. लहान मुलं असलेल्या घरी गरम तोटीला खूण करावी.

८. किती वर्षांत फिटतो?

पुढील आकडे उदाहरणाचे आहेत. आपापल्या वीजबिलातला दर आणि दुकानाचं दरपत्रक घालून हिशेब पुन्हा करावा.

विजेच्या गिझरला रोज ३ युनिट, २४० दिवस, म्हणजे ७२० युनिट. सौर बंब असला तरी ढगाळ हवेचे ४० दिवस वीज लागेल असं धरू. ते १२० युनिट वजा करता ६०० युनिट वाचले. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ४,८०० रुपये. बंब बसवून २४,००० रुपयांना पडला तर पाच वर्षांत फिटला. नीट राखलेला सौर बंब त्याहून पुष्कळ जास्त चालतो. फक्त जड पाण्यावर सफाई केली नाही, तर फिटण्याआधीच तो निकामी होण्याचा संभव आहे. साधनाचं आयुष्य पाण्यावर ठरतं ते असं.

उष्णता-पंप नावाचं एक साधन आता मिळतं. ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतं आणि साध्या गिझरच्या तिसऱ्या हिश्शात काम भागवतं. पण किंमत मोठी. वसतिगृह, मंगल कार्यालय, दूध संकलन केंद्र अशा, रोज भरपूर गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणी ते परवडतं. पाच माणसांच्या घराला घाई नको.

९. अनुदानाबद्दल

सौर बंबावर केंद्र शासनाचं अनुदान पूर्वी मिळत असे. ते २०१४ साली बंद झालं. आज कोणी "केंद्राचं अनुदान काढून देतो, आधी पैसे भरा" म्हणत दारात आला तर सावध राहावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्य घर योजना छतावरच्या वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या बंबासाठी नाही. तीत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये असं अनुदान ठरवण्यात आलं. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम महावितरणच्या कार्यालयात पाहून घ्यावेत. दोन्हींना लोक "सोलर"च म्हणतात, त्यामुळं घोटाळा होतो. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा विजेत बदलतं आणि सौर बंब निम्मं ऊन पाण्यात उतरवतो. नुसतं पाणी तापवायचं असेल तर थोड्या जागेत बंब सरस. पण दिवे, पंखे, फ्रीज असा घरचा सगळाच विजेचा भार मोठा असेल, तर अनुदानासह पॅनेल आणि जोडीला साधा गिझर, हाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

१०. कोणाला काय?

• पक्का स्लॅब, गोडं पाणी, पाच-सहा माणसं : शंभर लिटरची सपाट पेटी.
• पक्का स्लॅब, बोअरचं जड पाणी : काचेच्या नळ्यांचा बंब आणि दर वर्षी पावसाळ्याआधी सफाई.
• अकोल्याचा डोंगरपट्टा, जिथं पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही : सौर बंब घेतला तरी दुसरी सोय हवीच.
• दोन माणसांचं घर किंवा भाड्याची खोली : जास्त ताऱ्यांचा लहान विजेचा गिझर.
• माळवदाचं घर, हातात पैसा कमी : धुराड्याचा बंब उघड्या पडवीत, वाळलेलं जळण. पैसे साठले की पहिला खर्च याच कामी करावा.

सभासदांच्या शंका

"सौर पाण्यानं केस गळतात म्हणतात, खरं काय?" उन्हानं पाण्यात काहीच मिसळत नाही. जड पाणी कशावरही तापवलं तरी केस राठ होतात.

"पावसाळ्यात काय करायचं?" टाकीत विजेची कॉइल बसवून मिळते. ती फक्त ढगाळ दिवशी, आंघोळीआधी लावावी. वर्षभर चालू राहिली तर सौर बंबाचा विजेचा गिझर होतो आणि बिल आल्यावर कळतं.

"रात्री वापरावं का सकाळी?" निम्म्यांनी संध्याकाळी आंघोळ केली तर लहान बंबातही भागतं. शेतातून आल्यावर कढत पाण्याची आंघोळ कोणाला नको आहे?

घरचा अभ्यास

येत्या आठवड्यात घरातल्या सर्वांनी मिळून तीन आकडे वहीत लिहावेत. रोज गरम पाण्याच्या बादल्या किती लागतात? आज त्याला लाकूड, गॅस किंवा वीज किती जाते, आणि ते जळण आणायला कोणाचा किती वेळ जातो? आपल्या पाण्याचा जडपणा किती? हे तीन आकडे हाती असले म्हणजे दुकानात आपण ग्राहक म्हणून उभे राहू, गिऱ्हाईक म्हणून नाही. वही घेऊन शेतकी खात्याच्या गट कार्यालयात आलात तर हिशेब मांडून देण्यास आम्ही आनंदाने मदत करू.